वारेतून निघालेलं घराणं

माझी आजी पासली गावातली सुईण. बाळंतपण झालं की वार परसात खोल पुरायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवायची. पुढे पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकताना वाचलं, की १९८८ साली सिएटलमध्ये निक टोंक्स, एडमंड फिशर आणि सहकाऱ्यांनी मानवी वारेतूनच टायरोसिन फॉस्फटेज शुद्ध करून काढलं. आजी हसली असती!

प्रथिनातल्या टायरोसिनला कायनेज फॉस्फेट चिकटवतं, फॉस्फटेज ते काढतं. चिकटवणाऱ्यांचा तोवर बराच बोलबाला होता, काढणारा मात्र दुर्लक्षित. त्याच वर्षी वारेतल्या या फॉस्फटेजाची अमिनो आम्लांची साखळी जुळवून पाहिली, तर ती पांढऱ्या पेशींवरच्या सीडी४५शी मिळाली. पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेलं हे प्रथिन फॉस्फटेजच निघालं. रिसेप्टर फॉस्फटेजांचं घराणं उजेडात आलं ते असं.

त्यातली मला आवडतात ती म्यू, कप्पा, रो आणि यू ही चार भावंडं. माणसात त्यांचे जीन अनुक्रमे १८, ६, २० आणि १ या गुणसूत्रांवर. आतल्या बाजूला फॉस्फटेजचे दोन तुकडे, पण बहुतेकांत काम मुख्यतः पहिल्याचं. दुसरा बहुतेक नावापुरता. बाहेरचा हात शेजारच्या पेशीवरच्या आपल्यासारख्याच हाताला धरतो. १९९३ मध्ये एरवी सुट्या राहणाऱ्या किड्याच्या पेशींवर म्यू बसवलं, तर त्यांचे घोस झाले. मात्र म्यू कप्पाला धरत नाही. सख्खी भावंडं, तरी चुली वेगळ्या.