यंत्राचे तास आणि दप्तरातील किलोमीटर

काही वर्षांपूर्वी एका केंद्रपुरस्कृत योजनेच्या पाहणीसाठी मी उत्तर भारतातील एका मध्यम शहरात गेलो होतो. नगरपालिकेच्या आवारात भुयारी गटारे साफ करणारे जेटिंग व सक्शन यंत्र उभे होते. रंग उजळ, टायर जवळजवळ नवे. यंत्र मात्र आठ महिने बंद. लॉगबुकात 1,900 किलोमीटरची नोंद होती आणि तेल बदलायचे ते 5,000 किलोमीटरनंतर, असा तेथील नियम होता. म्हणून ते एकदाही बदललेले नव्हते. तासमापकावरचा आकडा मात्र 1,140 तासांचा होता. खोटी नोंद कोणीच केली नव्हती. सारे नियमानुसार होते आणि इंजिन निकामी झाले होते.

हे यंत्र रस्त्यावर फार धावत नाही. एका जागी उभे राहून काम करते. इंजिनाची शक्ती चाकांऐवजी दोन पंपांकडे वळवली जाते. एक पंप उच्च दाबाने पाणी सोडतो. नळीच्या तोटीतून मागे उसळणारे झोत नळीला पुढे ढकलतात व गाळ सुटा करतात. दुसरा पंप निर्वात निर्माण करून तो गाळ टाकीत ओढतो. साहजिकच देखभाल तासांवर मोजावी लागते. रोज तेलाची पातळी पाहणे, हवेची व पाण्याची गाळणी धुणे, तोटीची छिद्रे मोकळी करणे, नळीला चिरा गेल्या आहेत का ते तपासणे, एवढीच ही कामे. पाण्याची गाळणी फाटली, तर वाळूचे कण पंपाची सीले खातात. कामे क्षुल्लक आहेत, म्हणूनच ती कोणाच्याही नावावर नसतात.

ही उदासीनता एका नगरपालिकेची नाही. तिला इतिहास आहे. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने 1949 मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1952 मध्ये आला आणि त्यातील प्रमुख शिफारशी केंद्रीय गृहमंत्रालयाने 1955 मध्ये सर्व राज्यांना कळवल्या. पुढे मलकानी समितीचा अहवाल 1960 मध्ये आला. त्या काळातील यंत्र म्हणजे ढकलगाडी. डोक्यावरची पाटी उतरावी, हा हेतू. साधन पुरवले की प्रश्न सुटला, ही आपली प्रशासकीय श्रद्धा तेव्हापासूनची आहे.

तिला अर्थसंकल्पाच्या रचनेने बळ दिले. पंचवार्षिक योजनांच्या काळात नवे उभारणे हा 'योजनांतर्गत' खर्च ठरला आणि उभारलेले टिकवणे हा बहुतांशी 'योजनेतर'. पहिल्याला प्रतिष्ठा, दुसऱ्याला कात्री. रंगराजन समितीने 2011 मध्ये हा भेद मोडण्याची शिफारस केली आणि 2017-18 पासून तो गेला. सवय मात्र गेली नाही. यंत्राच्या खरेदीला अनुदान मिळते, उद्घाटन होते. सीलांचा खर्च नगरपालिकेच्या रित्या तिजोरीवर पडतो.

कायदा आपल्या परीने पुढे गेला आहे. 2013 च्या कायद्याने गटारांची धोकादायक मानवी सफाई प्रतिबंधित केली आणि आधुनिक साधने वापरण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरवली. 2023 मध्ये ती 30 लाख केली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व शहरांत शंभर टक्के यांत्रिक सफाईचा संकल्प जाहीर झाला.

दिल्लीने 2019 मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरू शकणारी 200 छोटी यंत्रे रस्त्यावर आणली. कर्जाच्या साहाय्याने त्यांची मालकी सफाई कामगार व त्यांच्या कुटुंबीयांकडे जावी, अशी ती रचना होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. यंत्र बंद पडले की ज्याची मिळकत थांबते, तो तेलाची पातळी पाहायला विसरत नाही.

त्या शहरात मी विचारले होते, "या आठ महिन्यांत गटारे कशी साफ झाली?" अभियंता फाईल चाळू लागला. कोपऱ्यात उभा असलेला एक प्रौढ कामगार शांतपणे म्हणाला, "साहब, जैसे पहले होती थीं।"

तेव्हा मला त्या लॉगबुकाचा खरा अर्थ कळला. न बदललेल्या तेलाची किंमत इंजिन चुकवते असे आपण मानतो. ती चुकवायला माणूस खाली उतरतो. अहवालात मी दोनच सूचना केल्या: लॉगबुकात तासांचा रकाना असावा, आणि देखभालीची तरतूद खरेदीच्या मंजुरीतच असावी. पहिली लगेच मान्य झाली, कारण तिला पैसे लागत नव्हते. दुसरी 'यथावकाश विचारार्थ' ठेवण्यात आली.