मुक्तस्रोत परवाना : मायक्रोकंट्रोलरचा कोड

छोट्या नियंत्रक चिपवरील कोड वापरण्याच्या, बदलण्याच्या आणि वाटण्याच्या अटी. आयआयटी मुंबईशी निगडित ‘फायर बर्ड ५’ या शैक्षणिक यंत्रमानवात एटमेगा २५६० ही चिप आहे; तिची रॅम जेमतेम ८ किलोबाइट. त्याचा नमुना-कोड शिक्षणासाठी मोकळा आहे, व्यावसायिक वापराला मात्र परवानगी लागते. म्हणजे कोड उघडा, पण ‘मुक्तस्रोत’ नव्हे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येला धंद्याला घातलेली आडकाठी चालत नाही.

जव्हार-मोखाड्यातल्या टाक्यांसाठी पाणीपातळी मोजणारे यंत्र कुणी विकायला काढले, तर हा फरक लगेच बोचेल. एमआयटी परवान्यात मूळ हक्काची व परवान्याची सूचना सोबत ठेवली की भागते. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर मंचाची एलजीपीएल परवान्याखालील लायब्ररी मात्र चिपमध्ये विक्रेत्याच्या कोडशी एकजीव होते. त्यामुळे लायब्ररी बदलून पुन्हा जोडणी करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइली ग्राहकाला द्याव्या लागतात.

परवाना बदलताही येतो: अशा चिपवर चालणाऱ्या फ्रीआरटीओएस या कार्यप्रणालीने २०१७ मध्ये सवलतीसह असलेला जीपीएल परवाना सोडून एमआयटी स्वीकारला.