पैसे परतीची हमी

माल पसंत न पडल्यास ठरावीक मुदतीत पूर्ण किंमत परत करण्याचे विक्रेत्याचे वचन. दोष दुरुस्त करण्याच्या हमीपेक्षा ते व्यापक असते. अठराव्या शतकात जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभकाराने ही प्रथा वापरली. विक्रेत्याला मालाचा दर्जा माहीत असतो, ग्राहकाला नसतो. ही विषमता हमीमुळे कमी होते, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवले. मुदत दीर्घ असेल तर घाईने माल परत करण्याचे कारण उरत नाही आणि उशिरा दिसणारे दोषही तिच्यात येतात.

मिरजेची तंतुवाद्ये अशा हमीचे महत्त्व स्पष्ट करतात. एकोणिसाव्या शतकात शिकलगार कारागिरांनी येथे हा व्यवसाय रुजवला. या वाद्यांच्या भोपळा व लाकूड यांवर हवामानाचा परिणाम होतो. जवारीचा, म्हणजे तारांच्या झंकाराचा, कस वादनातच कळतो. त्यामुळे दूरच्या ग्राहकाला पारखायला अवधी मिळणे न्याय्य ठरते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते उगमाची ओळख देते, पैसे परतीची हमी नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत न घेणे व पावतीवरील मुदतीत, मुदत नसल्यास 30 दिवसांत, पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. मिरजकरांसाठी तो सांगली जिल्हा आयोग होय. हमीच्या अटी पावतीवर मराठीत, ठळक छापणे हाच प्रामाणिक व्यवहाराचा पाया आहे.