बाबागाडीतला उपरोध

गोष्ट १९६८च्या फेब्रुवारीतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर एक जोडपं बाबागाडी ढकलत चाललं होतं. गाडीत बाळ नव्हतं, विकायला आणलेली पातळशी चित्रपुस्तकं होती. पुस्तकाचं नाव 'झॅप कॉमिक्स', चित्रकार रॉबर्ट क्रम.

ती रस्त्यावर का विकावी लागली, हे समजायला चौदा वर्षं मागं जावं लागतं. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानं पुस्तक लिहून, मुलं कॉमिक्समुळे बिघडतात असा ठपका ठेवला. सिनेटच्या उपसमितीनं सुनावण्या घेतल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी आपणहून आचारसंहिता केली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही छापायचं नाही, शेवटी जय चांगल्याचाच! संहितेचा शिक्का नसेल तर वितरक अंकाला हात लावेनात.

या सोवळ्या अंकांवर वाढलेली मुलं तरुण झाली, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं. चांगल्याचाच जय होतो, यावर विश्वास कोण ठेवणार? क्रम तर पूर्वी शुभेच्छापत्रांच्या कंपनीत गोड गोड चित्रं काढत असे. त्याच गोलमटोल रेषेतून आता कडवट विनोद झरू लागला. हिप्पींच्या चिलमी आणि पोस्टरं विकणाऱ्या दुकानांतून ही 'भूमिगत' कॉमिक्स देशभर गेली.

गंमत अशी, की या विनोदानं स्वकीयांनाही सोडलं नाही. हिप्पी तेव्हा गुरूंच्या शोधात होते. क्रमनं त्यांना 'मिस्टर नॅचरल' दिला. लांब पांढरी दाढी, पायघोळ अंगरखा आणि मुलखाचा लबाड! शिष्य मोक्षाचा मार्ग विचारतो आणि गुरुजी त्याची फिरकी घेतात.

पण सगळ्यांचीच टर उडवायची म्हटलं, की घाव दुबळ्यांवरही बसतो. या कॉमिक्समध्ये बायकांची विटंबना होती, काळ्या माणसांची ओंगळ चित्रं होती. 'हा तर विनोद' ही सबब ट्रिना रॉबिन्स आणि तिच्या मैत्रिणींना पटली नाही. त्यांनी बंदी मागितली नाही, लेखणी उचलली. १९७० साली केवळ स्त्रियांनी काढलेलं कॉमिक निघालं.

पुढं 'झॅप'च्या चौथ्या अंकापायी न्यूयॉर्कमध्ये पुस्तकविक्रेते अश्लीलतेच्या खटल्यात दोषी ठरले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता स्थानिक समाजाच्या मापानं जोखण्यास मुभा दिली. दुकानदार कचरले आणि ही लाट ओसरली.

तिचं बीज मात्र राहिलं. १९७२च्या अशाच एका भूमिगत अंकात आर्ट स्पीगलमननं तीन पानांची उंदरांची गोष्ट काढली होती. नाझी छळातून वाचलेल्या वडिलांची ती कहाणी. तीच वाढून 'माउस' झाली आणि १९९२ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. प्रकाशकांची ती आचारसंहिता? शेवटच्या दोन प्रकाशकांनीही २०११ साली तिचा शिक्का सोडून दिला.