भरला तर काढणार कोण?

आमच्या भाषेत माणूस संडासला 'जातो'. परसाकडे जातो, बहिर्दिशेला जातो. सगळे शब्द घरापासून लांब नेणारे. ग्रामसेवक म्हणून माण तालुक्यात रुजू झालो, तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. मी संडास मोजायचो, शब्द नव्हे.

केंद्राची ग्रामीण स्वच्छतेची योजना 1986 ची. अनुदानात संडासाची भांडी आली, पत्रे आले. सहा महिन्यांनी फेरी मारली की आत गोवऱ्या, सरपण, एका ठिकाणी व्यालेली शेळी. मला वाटायचं, लोक अडाणी.

2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं चुरशीने कामाला लागली. पुढे गुड मॉर्निंग पथकं आली. भल्या पहाटे मीही हागणदारीच्या वाटेवर शिट्टी फुंकली आहे. टमरेल पदराखाली लपवत बायका परतायच्या. आठवडाभर परिणाम दिसला, मग लोकांनी दुसरा ओढा धरला. त्या शिट्टीची आज लाज वाटते. सुना दिवसभर पोट आवळून अंधाराची वाट बघायच्या, आणि तेवढीच वाट त्यांना सासूविना बोलायला मिळायची, हे मला एका सुनेने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

गावातल्या एका आण्णांनी मात्र संडास हौसेने बांधला. आम्ही नकाशात चार-चार फुटांचे दोन शोषखड्डे दाखवले होते. त्यांनी बारा फुटांचा एकच खणला. तरी स्वतः ओढ्यालाच. "भाऊसाहेब, पावण्यांसाठी हाय ते. नायतर बायांनी पावसात. समद्यांनी रोज वापरला तर भरंल की."

"भरला तर उपसायचा."

"कुणी?"

त्या एका शब्दात सगळं होतं. शहरात टोपलीचे संडास होते, तेव्हा मैला डोक्यावरून वाहायचा तो एका जातीने. 1993 च्या कायद्याने त्या कामावर बंदी आणली, पण 'हे आपलं काम नव्हे' ही समजूत उरली. म्हणून खड्डा खोल आणि वापर जपून. देवघराशेजारी विटाळ नको, हे वरचं कारण. खालचं कारण हे.

याचं उत्तर महाराष्ट्रात जुनं होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले अप्पासाहेब पटवर्धन स्वतः मैला उचलायचे आणि त्याचं खत करायचे. देहूत डॉ. मापुसकरांनी बांधलेले पहिले संडास पावसाने बिघडले, लोक चिडले. तेव्हा अप्पासाहेबांचा 'सोपा संडास' त्यांच्या कामी आला. पुढे मापुसकरांनी उभं आयुष्य याच कामाला दिलं. आम्ही मात्र भांडी वाटली; खड्ड्यात पुढे काय होतं, ते कुणाला दाखवलंच नाही.

शेवटी मी माझ्याच घरच्या दोन खड्ड्यांपैकी भरल्यावर बंद केलेला खड्डा उघडला. दीड वर्ष त्यात काही गेलं नव्हतं. आत काळी, भुसभुशीत माती, वास नाही. चार घमेली मी स्वतः काढून लिंबाच्या आळ्यात टाकली. आण्णा कट्ट्यावरून बघत होते. जवळ आले, वाकून पाहिलं. हात मात्र धोतराशीच धरून ठेवले.

"घरी जाऊन आंघोळ करा," म्हणाले. दहा पावलं गेल्यावर वळले. "त्यो दुसरा खड्डा किती फुटांचा म्हनला व्हता?"