फोटोतले गोल उजेड: आत्मा की धूळ?

सोयाबीनची मळणी सुरू झाली की वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठराविक फोटो फिरतो. रात्रीचं अंगण, घरची माणसं आणि त्यांच्या डोक्यावर तरंगणारे पांढुरके गोळे. खाली लगेच सल्ला येतो, "बाहेरचं दिसतंय, कुणाला तरी दाखवा." हा सल्ला घरच्यांना महागात पडू शकतो, म्हणून हे गोळे नेमके काय असतात ते समजून घेऊ.

ऑर्ब म्हणजे काय?
अशा गोळ्यांना 'ऑर्ब' म्हणतात. ते आत्म्यांची ऊर्जा असल्याचं मानणारे लोक जगभर आहेत. क्लाउस हाइनेमन आणि मिचल लेडविथ यांचं 'द ऑर्ब प्रोजेक्ट' हे २००७ चं पुस्तक याच बाजूचं. डोळ्यांना न दिसलेली गोष्ट कॅमेऱ्यात आली, हा त्यांचा मुख्य आधार.

कॅमेरा काय करतो?
मोबाईलमध्ये फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. लेन्ससमोर काही सेंटीमीटरवर धुळीचा कण, पावसाचा थेंब किंवा चिलट असेल तर फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून थेट लेन्समध्ये परततो. कण इतका जवळ असल्यामुळे तो फोकसबाहेर जातो आणि फुगून गोल डाग दिसतो. फ्लॅश क्षणभरच चमकतो, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मळणीच्या दिवसांत हवेत भुसा भरपूर, म्हणून गोळेही भरपूर! गोळ्यात चेहरा दिसला, तर ती आपल्या मेंदूची सवय. ढगांतही आपल्याला चेहरे दिसतातच ना?

हिरवा ठिपका दिसला तर?
दिवा किंवा बल्ब फ्रेममध्ये असताना दिसणारा हिरवट ठिपका म्हणजे लेन्सच्या आतलं परावर्तन. फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला बहुतेक वेळा तो दिवा सापडतो. सीसीटीव्हीत रात्री उडणारे उजेड बहुधा किडे असतात, कारण कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सभोवतीच बसवलेले असतात.

घरी कसं तपासाल?
१. अंधारात चादर झटका आणि फ्लॅश लावून फोटो काढा.
२. लगेच फ्लॅश बंद करून, बाजूला दूर धरलेल्या टॉर्चच्या उजेडात दुसरा काढा. गोळे जवळपास गायब होतील.
३. आलेल्या फोटोची मूळ फाईल मागवा. तिच्या 'डिटेल्स'मध्ये फ्लॅश चालू होता का ते कळतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते.

या तपासणीने आत्मा नाहीच हे सिद्ध होत नाही. पण फोटो हा पुरावा उरत नाही, एवढं नक्की.

असा फोटो दाखवून कुणी भीती घालत असेल, पैसे मागत असेल, तर पोलिसांत जा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात ६ महिने ते ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि घरातलं कुणी खरंच आजारी असेल, तर आधी दवाखाना गाठा.