कर्णनाद आणि सुईचा उपाय

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी आपल्या निफाडात झाला, आणि 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती त्यांनीच. तेव्हा चार शहाण्या गोष्टी ऐकण्याची आवड हा या गावचा वारसाच म्हणावयाचा. आज आम्ही जो विषय घेतला आहे तोही ऐकण्याचाच आहे. परंतु बाहेर काही वाजत नसता कानात जे वाजते, त्याचा.

कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाच्या कानात शिट्टी वाजते. द्राक्षबागेत वर्षानुवर्षे ट्रॅक्टरचा ब्लोअर चालविणारा शेतकरी, यंत्रांच्या गोंगाटात राबणारा कामगार, वय झालेले आजोबा, यांपैकी कोणासही ही व्याधी जडते. रात्री घर निजले की तो नाद अधिकच जाणवतो. मग कोणी सांगतो, “कानात इंजेक्शन देतात, त्याने थांबतो.” हे खरे की खोटे, याचा निवाडा इतिहासाच्या साक्षीने करावा असा आमचा विचार आहे.

व्याधी जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. कानात औषधी तेल भरण्याचा उपचारही आपल्याकडे जुना. सुई मात्र विसाव्या शतकातली. 1914 चे नोबेल पारितोषिक मिळविलेले कर्णवैद्य रॉबर्ट बारानी यांनी 1935 मध्ये एक नवल नोंदविले. बधिरता आणणारे औषध शिरेतून दिले असता कर्णनाद थोडा वेळ थांबतो! पण औषधाचा अंमल उतरला की नाद परत येई. नाद दाबता येतो एवढे त्यावरून कळले; उपाय मात्र हाती लागला नाही.

पुढे 1943 मध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातही ते पुढे बनू लागले. या औषधाने असंख्य क्षयरोगी वाचले. परंतु कित्येकांचा तोल गेला, कित्येकांना ऐकू येईनासे झाले. या दोषाचाच उपयोग करावा असे अमेरिकेच्या हॅरल्ड शुक्नेख्ट यांच्या मनात आले. मेनिएरच्या रोगात भोवळीने रोगी हैराण होतो. अशा रोग्यांच्या मध्यकर्णात त्यांनी हे औषध सोडले, आणि 1957 मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. भोवळ थांबे, पण पुष्कळदा त्यासाठी श्रवणशक्तीची किंमत मोजावी लागे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ही सुई अंतःकर्णात जातच नाही. ती कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात औषध सोडते, आणि तेथून ‘गोल खिडकी’ नावाच्या पातळ पापुद्र्यातून ते आत झिरपते. विषारी औषधाऐवजी सूज उतरविणारे स्टिरॉइड याच वाटेने द्यावे, ही कल्पना पुढे निघाली आणि कर्णनादावरही तिचा प्रयोग होऊ लागला. आरंभीच्या वार्ता उत्साहाच्या होत्या.

परंतु एका बाजूची साक्ष ऐकून निकाल देता येत नाही. 2005 मध्ये ब्राझीलच्या वैद्यांनी दुसरी बाजू ऐकली. काही रोग्यांच्या कानात डेक्सामेथासोन, तर काहींच्या कानात नुसते मिठाचे पाणी त्यांनी सोडले. दोन्हीकडे साधारण तिघांतील एकाला आराम वाटला! म्हणजे आराम खोटा नव्हता. त्याचे श्रेय तेवढे औषधाचे नव्हते. हा नाद आपोआप कमीजास्त होत असतो, आणि आशेनेही माणसास बरे वाटते. त्यानंतर नुकत्याच सुरू झालेल्या कर्णनादासाठी एस्केटामिन हे औषध याच मार्गाने देऊन पाहिले. 2016 आणि 2018 मधील मोठ्या चाचण्यांत तेही टिकले नाही. त्याआधीच, 2014 मध्ये, अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने सांगितले होते की, दीर्घकाळच्या कर्णनादासाठी अशी इंजेक्शने सरसकट सुचवू नयेत.

मग सुई फेकूनच द्यावी काय? तसे मुळीच नाही. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर हेच स्टिरॉइड कान वाचविण्यास उपयोगी पडू शकते. मात्र तेथे दिवस मोजावे लागतात. “मळ असेल, आठवड्याने पाहू” म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी कानाचा वैद्य गाठावा. नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तरीही तपासणी टाळू नये.

जुन्या नादाचे मात्र निराळे. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र लावावे. झोप आणि चित्त बिघडले असल्यास मानसोपचारातील वर्तनचिकित्सा घ्यावी. नाद उरला तरी त्याचा जाच कमी होतो, हे अनुभवास आलेले आहे. गोंगाटाच्या कामावर कान झाकणे तर आपल्याच हाती आहे.

द्राक्षाच्या पैशातून सुईसाठी रक्कम काढण्यापूर्वी रोग्याने एकच प्रश्न विचारावा : “मिठाच्या पाण्यापेक्षा याने अधिक काय साधते?” हे विचारण्यात वैद्याचा अपमान नाही. दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे न्यायमूर्तींच्या या गावास कोणी निराळे शिकवावयास नको.